रूप, शब्द आणि त्यांना जोडणारा

नाशिकच्या इंदिरानगरहून महामार्गाने पाथर्डी फाट्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर पांडवलेणी आणि त्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक लागते. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ 1932 मध्ये मूकपट म्हणून आला आणि बोलपटांच्या लाटेत त्यावर मागाहून ध्वनी चढवावा लागला. त्यांचे स्मारक भिक्षूंच्या लेण्यांखाली असावे हा योगायोगच. परंतु वेगवेगळ्या वाटांनी आलेले रूप आणि शब्द एकाच वस्तूचे आहेत हे कोण ठरवते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच लागू पडतो.

संगणकावर चित्रपट चालतो तेव्हा ध्वनी आणि चित्र हे दोन स्वतंत्र प्रवाह असतात, आणि प्रत्येक तुकड्यासोबत तो केव्हा सादर करायचा याची नोंद, म्हणजे टाइमस्टॅम्प, असते. तुकडे आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, थांबतात आणि आपली वेळ आली की बाहेर पडतात. अडचण अशी की वेळ सांगणारी घड्याळे एकाहून अधिक असतात. त्यांच्या गतीत दहा लाखांत 50 भागांचा फरक असला तरी तासाभरात 180 मिलिसेकंदांचे अंतर पडते. म्हणून एक घड्याळ प्रमाण मानावे लागते, आणि ते सहसा ध्वनीचे असते, कारण आवाजातला खंड कानाला तत्काळ खटकतो, तर एखादी फ्रेम गाळली किंवा दोनदा दाखवली तरी डोळा ते चालवून घेतो. तंतोतंत एककालिकता यातून साधत नाही, आणि तिची गरजही नसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर विसंगती जाणवू लागते, मागे पडला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत ती लक्षात येत नाही. निसर्गात आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो. तीस मीटरवरच्या घणाचा घाव दिसल्यावर तो ऐकू येण्यास जवळपास 90 मिलिसेकंद लागतात.

रूप आणि शब्द कोण जोडते, या प्रश्नाचा विचार न्यायदर्शनाने फार पूर्वी केला आहे. अनेक ज्ञाने एकाच क्षणी उपजत नाहीत, हेच गौतमाच्या न्यायसूत्रांनी मनाच्या अस्तित्वाचे गमक मानले. मन अणुएवढे असल्यामुळे एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, आणि सर्व काही एकदम घडल्याचा भास, फिरत्या कोलिताचे वर्तुळ दिसावे तसा, केवळ वेगामुळे होतो. सेकंदाला 24 फ्रेम पाहणाऱ्याला हे मत परके वाटू नये. सूत्रकारांचे पुढचे पाऊल मात्र मोठे आहे: जे डोळ्यांनी पाहिले तेच त्वचेने स्पर्शिले असे ज्ञान होते, हे ज्ञान डोळ्याचेही नाही आणि त्वचेचेही नाही, तेव्हा त्या दोहोंहून वेगळा ज्ञाता, म्हणजे आत्मा, मानलाच पाहिजे.

बौद्धांनी हे नाकारले आणि कार्यकारणाने बांधलेला क्षणिक ज्ञानांचा प्रवाह पुरेसा मानला. तथापि बौद्धांमध्येही एकमत नव्हते. पांडवलेण्यांतील तिसरे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी ज्या भद्रायणीय भिक्षूंना दिले, त्यांची परंपरा वात्सीपुत्रीयांची होती, आणि वात्सीपुत्रीय पंचस्कंधांशी, म्हणजे देह व चित्त यांच्या पाच घटकसमूहांशी, अभिन्नही नाही आणि भिन्नही नाही असा ‘पुद्गल’ मानत. इतर बौद्धांना हा मागल्या दाराने आलेला आत्माच वाटला.

चित्रपट चालवणाऱ्या प्लेअरमध्ये ज्ञाता नसतानाही जुळवणी होते, हा प्रथमदर्शनी बौद्धांचा विजय दिसतो. परंतु प्लेअर केवळ वेळा जुळवतो. टाइमस्टॅम्प चुकीच्या आवाजावर पडला तर तो आवाजही तितक्याच निष्ठेने वाजवील. एककालिकता आणि एकवस्तुता या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीचे ज्ञान यंत्राला नाही, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, म्हणू शकेल. येथे त्याला अडवतो तो मागाहून चढवलेला ध्वनी: ओठांशी आवाज जुळला की तो परक्या गळ्याचा असूनही प्रेक्षक निःशंकपणे पडद्यावरच्या पात्राचा मानतो. म्हणजे प्रेक्षकाचे मनही पुष्कळदा वेळेवरूनच वस्तूची एकता गृहीत धरते, आणि फसते. जोडणे घडते एवढे न्यायाच्या युक्तिवादाने सिद्ध होते. जोडणारा नित्य आहे हे त्यावरून निघत नाही, आणि त्यासाठी नैयायिकाला दुसरे प्रमाण द्यावे लागेल.