सभेत कोण बसतं?

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडते, जिते येतं, मग हमरापूर आणि पेण. या पट्ट्यात सपाटीला भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावठाणं, तर डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांच्या वाड्या. कारभारात आपलाही वाटा असावा, ही कल्पना इथे शंभर वर्षांत हळूहळू वाढली. दर टप्प्यावर तिने नवी माणसं आत घेतली आणि दर टप्प्यावर कुणीतरी बाहेरही राहिलं.

सुरुवात झाली ती जंगलापासून. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांच्या यादीत पाटील आहेत, म्हात्रे आहेत, कोळी आहेत, न्हावी आहेत आणि नाग्या महादू कातकरीही आहे. सरपण आणि चारा सगळ्यांनाच लागत होता, म्हणून सगळे एका जागी उभे राहिले. पण ही एकी गरजेची होती. गरज निराळी झाली की तिचं काय होतं, हे पुढे दिसायचं होतं.

१९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला कुळांनी खोतांची शेती कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. जमिनी ओस पडल्या, चुली कशाबशा पेटल्या, पण कुळं मागे हटली नाहीत. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. महाडच्या तळ्यावर दहा वर्षांपूर्वी सुरू झालेला लढा इथे आगरी कुळांच्या लढ्याला येऊन मिळाला. जातीपलीकडची ही सोबत विचारातून आलेली होती. पुढे कूळ कायदा आला आणि कसणाऱ्याला जमीन मिळाली. मात्र ती ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर होतं त्याला मिळाली. दुसऱ्याच्या बांधावर राबणारा कातकरी मजूर त्या कागदात कुठेच नव्हता.

तिसरा टप्पा २००८ चा. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या जमिनी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो प्रश्न रस्त्यावर आणला. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारलाच शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही, हे ज्याची जमीन त्याला विचारायचं, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. पाच वर्षांनी आलेल्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ऐंशी टक्के बाधितांची संमती सक्तीची केली. पण विचारलं गेलं ते सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. त्याच शेतांवर पोट असलेल्या भूमिहीनांचं मत कोणत्याच पेटीत पडलं नाही.

बाहेर राहिलेल्यांची अडचण आकड्यांचीही आहे. विधानसभेच्या २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, पण रायगडच्या सातपैकी एकही नाही. कातकरी विखुरलेले, कुठेच बहुसंख्य नाहीत. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदाही या जिल्ह्याला लागू नाही, कारण जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. युरोपातल्या रोमा लोकांचं दुखणं हेच. देशोदेशी पांगलेले, म्हणून कुठल्याच संसदेत फारसं वजन नाही. म्हणून १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. मतदारसंघ जे देत नव्हता ते त्यांनी संघटनेतून मिळवायला सुरुवात केली.

रायगडात तो मार्ग दळी जमिनींतून गेला. इंग्रजी अमलात डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी दिलेल्या या तुकड्यांचा हक्क मिळावा म्हणून सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना लढत राहिल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या लढ्याला हाताशी धरण्याजोगं काहीतरी दिलं. दाव्यासाठी वाडीतल्या जाणत्या माणसाचा जबाबही पुरावा ठरतो आणि दाव्यावर पहिला ठराव ग्रामसभेचा असतो. कातकऱ्याचं तोंडी बोलणं सरकारी दप्तरात पुरावा म्हणून लिहिलं जावं, ही चरीच्या संपाइतकीच मोठी गोष्ट आहे.

तरीही एक अडसर उरतो, आणि तो कॅलेंडरात आहे. पूर्वापार ग्रामसभा भरतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन कातकऱ्यांची कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारपैकी दोन सभांना वाडीला कुलूपच. मग इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं, तरी त्या ‘सर्व’मध्ये वाडी नसतेच.

कायदा वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्या म्हणतो, पाचवी घ्यायला मनाई करत नाही. ती भट्ट्या पेटायच्या आधी आणि वाडीवरच घेतली, तर त्याला ना निधी लागतो ना नवा कायदा. चरीच्या कुळांच्या नातवंडांकडे आज सरपंचपद आहे. ज्यांच्या आजोबांसाठी कधीकाळी परक्यांनी आवाज उठवला, त्यांनी आता शेजाऱ्यासाठी ही एक जादा सभा घ्यायची आहे. एकी खरी किती, याची परीक्षा एवढ्याशा गोष्टीतच होते.