चुचकारण्याचे ऋण

यंदा वैशाखात मी जामसंड्यास घरी असताना माझी भाची पुण्याहून चार दिवसांकरिता आली होती. आंब्याचे दिवस संपत आले होते. पडवीत शेवटच्या पेट्या भरणे चालू होते. ही मुलगी दोन वर्षांपासून घोड्यावर बसावयास शिकत आहे आणि त्या विषयावाचून दुसरे फारसे काही बोलत नाही. तिने आपल्या फोनवरील एक चित्रफीत मला दाखविली. एका गोल रिंगणात ती चालली आहे आणि तिच्या खांद्याशी नाक आणून एक कुमैत घोडी तिच्या मागोमाग येत आहे. ती वळली की घोडी वळते. ती थांबली की घोडी थांबते. "पाहा मामा," ती म्हणाली, "दोर नाही, लगाम नाही, चाबूक नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे, म्हणून ती येते."

मी कौतुक केले. परंतु तत्त्वज्ञान शिकविण्यात पंचवीस वर्षे घालविलेल्या मनुष्यास कौतुकावर थांबता येत नाही. मी विचारले, "विश्वास आहे म्हणून येते, की न येण्याच्या साऱ्या वाटा तुम्ही आधीच बंद करून ठेविल्या आहेत म्हणून येते?" मुलीचा चेहरा उतरला. तिने उत्तर दिले नाही; परंतु प्रश्न मात्र माझ्याच मागे लागला.

आम्हां देवगडकडच्या लोकांनी घोड्यांविषयी बोलावे हे थोडे धाष्टर्याचेच आहे. जांभ्याचा सडा, खाड्या आणि चढउतार यांच्या या मुलखात घोडा पाहावयाचा तो लग्नाच्या वरातीत किंवा चित्रात. आमचे जनावर बैल. पण अखिल महाराष्ट्राचा विचार केला, तर घोड्याशी आपला संबंध जुना आहे. भीमेच्या खोऱ्यातील काटक भीमथडी तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, एवढ्या एका भेदावर माणसाची प्रतिष्ठा ठरत असे. अशा या भाषेत घोडा शिकविणाऱ्यास शब्द कोणता? चाबुकस्वार. धंद्याच्या नावातच चाबूक आहे. उलटपक्षी महाभारतात याच विद्येला दिलेले नाव आहे अश्वहृदय. एका शब्दात घोड्याच्या पाठीवर पडणारी वस्तू आहे, तर दुसऱ्यात त्याच्या पोटात असणारी.

ज्याला अश्वहृदय अवगत होते तो राजा नल. वनपर्वातील ती कथा वाचकांस ठाऊकच आहे. बाहुक या नावाने ऋतुपर्णाच्या अश्वशाळेत राहणाऱ्या नलाला एका दिवसात अयोध्येहून विदर्भास रथ न्यावयाचा असतो. तो नेमके कृश दिसणारे घोडे निवडतो. राजाला ते पसंत पडत नाहीत. रथाला जोडताच ते घोडे गुडघ्यांवर येतात. अशा वेळी सामान्य सारथी आसूड उचलील. नल त्यांचे सांत्वन करतो, आणि मग ते घोडे वाऱ्यासारखे निघतात. पुढे तो रथ कुंडिनपुराजवळ येतो तेव्हा नलाचे जुने घोडे, जे वियोगापूर्वीच तेथे पाठविले गेले होते, रथाचा घोष ऐकूनच हर्षित होतात. माणसांना ओळख पटावयास अद्याप अवकाश आहे. घोड्यांना ती पटलेली आहे.

हे केवळ कविकल्पित नाही. घोडा हा भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला. पळणे हेच त्याचे शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीमागचे. म्हणून जाणता मोतद्दार समोरून धावत जात नाही की मागून येत नाही. तो खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, सावकाश जातो. मारले तर हा प्राणी धडा शिकत नाही, मारणाराला शिकतो. शिकविण्याचे खरे रहस्य दाब देण्यात नसून दाब काढून घेण्यात आहे. लगाम किंचित ओढला, घोड्याने मान किंचित दिली, की त्याच क्षणी हात सैल पडला पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर घोड्याला वाटते, मान देऊन उपयोग नाही. म्हणजे शिक्षकाला सर्वांत मोठी शिस्त लावावयाची ती स्वतःच्या हाताला.

इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर लिहिताना रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये असे बजाविले आहे, आणि बळजबरीने करविलेल्या कृतीत ना समज असते ना सौंदर्य, असेही म्हटले आहे. आपल्याकडे सांगलीकडील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी ग्वाल्हेरीस राहून अश्वविद्या आणि गायन या दोहोंचा अभ्यास केला व १८८० साली मुंबईस पहिली देशी सर्कस उभी केली. गाणे आणि घोडा ही जोडी मला विचित्र वाटत नाही. दोन्ही विद्या कानापासून सुरू होतात. आधी ऐकावयाचे, मग सांगावयाचे.

घोडा मात्र आपले किती ऐकतो याची कल्पना जगाला आली ती बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्यामुळे. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे टापा आपटून देत असे. १९०७ साली ओस्कार फुंग्स्ट याने पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून दिले की घोड्याला गणित मुळीच येत नव्हते. बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके त्याच्या नकळत किंचित हलत असे. घोडा ते पाहून थांबे. ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही त्याने विचारले, की हान्स चुके. लोक म्हणाले, घोडा फसवा निघाला. मला वाटते, त्याने गणिताहून कठीण गोष्ट साधली होती. धनी जे बोलत नव्हता आणि आपण बोलतो आहोत हे ज्याचे त्यालाच माहीत नव्हते, ते त्याने वाचले होते.

येथवर सारे गोड आहे. आता माझ्या कडू प्रश्नाकडे येऊ.

जॉन रेअरी नावाचा एक अमेरिकन १८५८ साली इंग्लंडात गाजला. क्रूझर या शर्यतीच्या घोड्याच्या तोंडाला लोखंडी जाळी घालून त्याला कोंडून ठेवीत, इतका तो माथेफिरू झाला होता. रेअरीने त्याला माणसाळविले. त्याची पद्धत सौम्य म्हणून वाखाणली गेली, आणि तो मारीत नसे हे खरेही आहे. पण तो करी काय? घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून चामड्याच्या पट्ट्याने बांधी. तीन पायांवर झगडून थकलेला घोडा अखेर जमिनीवर पडला म्हणजे मग त्याला कुरवाळी. आमच्या काळातील माँटी रॉबर्ट्स या अमेरिकनाची पद्धत याहून पुष्कळच नरम. १९८९ साली विंडसर येथे एलिझाबेथ राणीपुढे त्याने ती दाखविली. तीत पट्टा नाही. गोल रिंगण आहे. घोड्याला रिंगणात पळू द्यावयाचे. त्याने एक कान आत वळविला, मान खाली घातली, तोंड चघळल्यासारखे केले, की माणसाने पाठ फिरवावी. घोडा आपण होऊन जवळ येतो. माझ्या भाचीची विद्या याच कुळातली. परंतु रिंगणाला कुंपण असते. ज्याला जावयास जागा नाही, त्याच्या येण्याला संमती म्हणावयाचे काय?

याहूनही तीव्र आक्षेप घेता येईल. चाबूक शरीर जिंकतो. चुचकारणे मन जिंकते. माराने राबणारा घोडा निदान मनातून तरी आपला धनी असतो. संधी मिळताच तो दुगाण्या झाडील. प्रेमाने राबणाऱ्याजवळ ती उरलीसुरली खोलीही शिल्लक राहत नाही. मग मृदुपणा म्हणजे अधिक कुशल जुलूमच नव्हे काय?

हा आक्षेप मी बरेच दिवस खरा मानीत होतो. आता अर्धाच मानतो. एक तर, वेदना ही वेदना आहे. ज्याच्या पाठीवर आसूड ओढला जात नाही त्याला हा भेद तात्त्विक वाटत नसतो. दुसरे असे की, मृदू शिक्षकाला घोड्याचा नकार ऐकू येतो. घोडा पुलावर पाऊल टाकीत नाही, खोगीर पाहताच अंग चोरतो. चाबुकवाल्याला हा अडेलपणा दिसतो, दुसरा खोगीर उचलून खालची कातडी सोलवटली आहे काय हे पाहतो. ज्याच्या नकाराला अर्थ आहे त्याच्या होकारालाही थोडा अर्थ येतो. कुंपण तसेच राहते हे खरे. पण कुंपणात माणसेही राहतातच, आणि म्हणून त्यांच्यातील सर्व विश्वास खोटा ठरत नाही.

आक्षेपाचा जो अर्धा भाग उरतो, तो मला पुस्तकातून नव्हे तर आमच्या गोठ्यातून कळला.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे ढवळ्या नावाचा पाडा होता. त्याला जोताला लावण्याचे काम आमच्या म्हाताऱ्या गड्याकडे होते. पहिले आठ दिवस त्याने काहीच केले नाही. संध्याकाळी गोठ्यात जाऊन तो ढवळ्याशेजारी नुसता बसे आणि विडी ओढी. मग त्याच्या मानेवर हात ठेवू लागला. मग रिकामे जू. मग जुन्या बैलाच्या जोडीला नुसते चालणे. मी एकदा काठी घेऊन मदतीस धावलो तेव्हा त्याने ती काढून घेतली आणि म्हणाला, "झिला, तेका मारशीत तर तो काठयेक वळाखतलो, तुका नाय." ढवळ्या तालुक्यात नाव घेण्यासारखा बैल निघाला. गड्याने जिभेने चुचकारले की तो अंधारातूनही येई.

दहा-बारा वर्षांनी ढवळ्या पायाने अधू झाला. वडिलांनी त्याला विकावयाचे ठरविले. त्यांना दोष देत नाही. घरात तेव्हा पैशाची ओढ होती, आणि मीच कॉलेजात शिकत होतो. व्यापाऱ्याचा टेंपो आला. फळीवर चढवावयास तिघे लागले; ओढले, मारले; ढवळ्या खाली बसला तो उठेना. अखेर वडिलांनी गड्याला बोलावणे पाठविले. तो आला. त्याने मानेखाली हात घातला, चुचकारले, आणि स्वतः फळीवरून वर गेला. ढवळ्या उठला आणि लंगडत त्याच्यामागून चढला. सर्वांनी सुटल्यासारखे श्वास टाकले. गड्याने खाली उतरून विहिरीवर हात धुतले. आई जेवावयास थांबवीत होती. तो थांबला नाही. एवढेच म्हणाला, "तो माज्या मागसून इलो." त्यानंतर त्याने आमचा किंवा दुसऱ्या कोणाचा पाडा शिकविला नाही.

पुढे हान्सची हकीकत वाचली तेव्हा मला हा प्रसंग आठवला. जनावर आपला कंटाळा, राग, भीती सारे वाचते. त्याला हाताने फसविता येत नाही. मग ढवळ्या कसा फसला? तो फसला नाही. त्या हातात त्या क्षणीही मायाच होती आणि त्याने ती बरोबर वाचली. जनावराला आपले आजचे मन वाचता येते, उद्याचा बेत वाचता येत नाही. विश्वासाची सारी दुबळी बाजू येथे आहे, आणि माणसाची सारी जबाबदारीही येथेच. उद्या ठाऊक असणारा पक्ष एकच आहे.

तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे येणारा गिऱ्हाईक दात, चाल, भोवरे पाहतो, आणि जनावर स्वभावाने गरीब आहे ना, हेही विचारतो. तो गरीबपणा कोणीतरी वर्षानुवर्षे चुचकारून, खरारा करून, वेळेवर तोबरा बांधून मिळविलेला असतो. त्याने किंमत चढते आणि घोडा तो घेऊन नव्या धन्यामागे निमूट जातो. चाबुकाने शिकविलेला निदान अनोळखी हातापासून बुजला असता.

म्हणून मला असे वाटते की, मृदुपणा ही पद्धत म्हणून स्वीकारणाराने ते ऋण म्हणूनही स्वीकारले पाहिजे. चाबुकवाल्याचा व्यवहार रोखीचा: मारले, काम घेतले, हिशेब मिटला. चुचकारणारा उधारीवर घेतो. शिक्षक, आईबाप, पुढारी, सर्वांना हे लागू आहे. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला मी माझ्या लाभाच्या फळीवरून चढवीत नाही ना, हे मला दरवर्षी विचारावे लागते. आणि उत्तर दरवर्षी समाधानकारक येतेच असे नाही. नलाची कथाही अखेर हेच सांगते. ज्याला घोड्यांचे हृदय कळत होते, त्यानेच विश्वासाने निजलेल्या दमयंतीस अरण्यात सोडून दिले होते. हृदय जाणणे ही विद्या आहे. विश्वास राखणे हे चारित्र्य आहे. आणि पहिल्यात पारंगत मनुष्य दुसऱ्यात नापास होऊ शकतो.

भाची निघण्याच्या आदल्या रात्री मी तिला ढवळ्याची गोष्ट सांगितली आणि माझा प्रश्न मागे घेतला. घोडीचा विश्वास खरा आहे, मी म्हणालो. शंका घ्यावयाची ती घोडीवर नव्हे. घोडे पंचवीस-तीस वर्षे जगतात आणि त्यांचे बसण्याजोगे आयुष्य त्याच्या पुष्कळ आधी संपते. ती काही बोलली नाही. पुण्यास पोचल्यावर तिने आपल्या शिक्षकांना विचारले, म्हातारी झाल्यावर ही घोडी कोठे जाईल? उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु रोज रिंगणात शिरण्यापूर्वी आपल्याला तो प्रश्न आठवतो, असे तिने परवा कळविले आहे.