अहवाल कोणाचा?



रक्ताची किंवा लघवीची ‘कल्चर’ तपासणी केली की कोणता जंतू सापडला आणि तो कोणत्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, हे अहवालात लिहिलेले असते. तो कागद आपण घरी फाईलमध्ये ठेवतो. पण ती माहिती केवळ आपलीच असते का?

कल्चरचा अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. अत्यवस्थ रुग्णासाठी डॉक्टर तितके थांबू शकत नाहीत. पहिले औषध त्यांना अंदाजानेच द्यावे लागते. आधीच्या शेकडो रुग्णांचे अहवाल एकत्र केलेले असले, तर तो अंदाज बरोबर येण्याची शक्यता वाढते. म्हणजे कालचा अनोळखी रुग्ण आजच्या रुग्णाचा जीव वाचवायला हातभार लावतो. अशी माहिती गोळा करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ साली रुग्णालयांचे जाळे उभारले.

तरीही खरे सांगणे सोपे नसते. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या राखीव औषधांना दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत ‘एनडीएम-१’ सापडले होते. त्याच वर्षी परदेशी नियतकालिकातही त्याविषयी लेख आला आणि त्या नावातील ‘नवी दिल्ली’वरून देशात संताप उसळला. नाव बोचणारे होते, हे आपण मान्य करू. पण जंतूही खरा होता. अब्रूसाठी आकडा झाकला, तर त्याची किंमत पुढचा रुग्ण मोजतो.

रुग्णाच्या अब्रूचे काय? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजक कुष्ठरोग्याला तपासत असे आणि रोगी वस्तीबाहेर राही. प्रभू येशूने त्याला स्पर्श केला, बरे केले आणि तरीही याजकाकडे पाठवले (मार्क १:४०-४४). त्याने तपासणी टाळली नाही, माणसालाही टाकले नाही. आपल्यालाही दोन्ही जपायला हवे. जंतूंची मोजदाद करायला रुग्णाचे नाव लागत नाही. लहान गावात मात्र वय आणि आजार यांवरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून गुप्तता राखणे हे रुग्णावरचे उपकार नव्हेत, ते कर्तव्यच आहे.

डॉक्टरांनी कल्चर सांगितले, तर केवळ खर्चाकडे पाहून ते टाळू नये. आपल्या ख्रिस्ती रुग्णालयांनीही आपले आकडे, अडचणीचे असले तरी, मोकळेपणाने द्यावेत. ज्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, तोही आपला शेजारीच आहे.