दया आपल्या वाट्यातली



दया करावी हे सगळेच सांगतात. ती कोणाच्या वाट्यातून करावी, हे सहसा कोणी सांगत नाही. मीही सांगितले नाही. चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहिलो. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारे उघडली, हे सांगताना श्रोत्यांचे डोळे भरून येत, माझेही येत. प्रश्न पडला तो २०२० साली, स्वतःच्याच ओट्यावर.

आमचे गाव चाकणजवळ. जिथे बाजरी आणि कांदा होत असे तिथे कारखाने आले. उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याच्या खोल्या बांधल्या. बिहारची, उत्तर प्रदेशची, मराठवाड्याची पोरे त्यांत राहतात. २४ मार्चच्या रात्री देश बंद झाल्याचे जाहीर झाले आणि ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्यांची चूल त्याच आठवड्यात विझू लागली. गावाच्या वेशीवर बांबू आडवे पडले. नाशिक रस्त्याने माणसे पायी निघाली, डोक्यावर बोचके आणि कडेवर लेकरू. चालणारा दिसला की पाणी विचारायचे, ही आपली वारीची रीत. पण यांच्या खांद्यावर पताका नव्हती आणि आपल्या मनात भय होते.

एका दुपारी एकाने ओट्याखालून पाणी मागितले. मी आतूनच विचारले, "कुठून आलास?" तहानलेल्याला गाव विचारणारा मी, नाथांचे चरित्र सांगणारा! सूनबाईने काही विचारले नाही. बाटल्या भरून ओट्याच्या कडेला ठेवल्या आणि चार हात मागे सरली. तिने अंतरही राखले, पाणीही दिले. मला त्यातले अंतर तेवढे सुचले होते.

चैत्रातला हरिनाम सप्ताह त्या वर्षी झाला नाही. त्यासाठी घरोघरून गोळा केलेला शिधा मंदिरात तसाच होता. तो शिजवून खोल्यांमधल्या पोरांना पोहोचवायचे ठरले. भजनी मंडळातल्या आयाबायांनी घरटी पाच भाकरी जास्त थापल्या. तो सप्ताह मोडला असे मला वाटत नाही.

एप्रिल संपला आणि भाड्याची वही निघाली. मी मुलाला म्हणालो, "पोरांना काम नाही, भाडे सोडून दे." तो म्हणाला, "अण्णा, खोल्यांवर बँकेचे कर्ज आहे. पुण्य तुमचे, हप्ता माझा." मला राग आला. पण रात्री झोप लागेना, तेव्हा तुकोबाराय आठवले.

इसवी सन १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. त्यात रखमाबाई गेल्या, संतू गेला, व्यापार बुडाला. लोकांकडच्या येण्याची खते मात्र घरात होती. महाराज ती इंद्रायणीत सोडायला निघाले. महिपतीबुवांनी हे चरित्र सांगितले आहे. कान्होबांना प्रपंच चालवायचा होता. म्हणून महाराजांनी खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हाती दिला, आपला तेवढा डोहात सोडला.

बुडालेल्या अर्ध्यावर मी किती तरी वेळा बोललो. राखलेल्या अर्ध्याचा अर्थ त्या रात्री कळला. भावाचा वाटा बुडवून दाता होणे महाराजांना मान्य नव्हते. भावाचा प्रपंच आहे, या सबबीवर आपला वाटा जपून ठेवणेही मान्य नव्हते. पहिल्यात दुसऱ्याच्या जिवावरचा मोठेपणा आहे, दुसऱ्यात धर्माच्या नावाने केलेली चिक्कूगिरी. दया या दोहोंच्या मधून चालते, म्हणून तिची वाट अरुंद.

सकाळी मुलाला म्हटले, "प्रत्येक खोलीचे निम्मे भाडे माझे. ते मी सोडले. तुझ्या निम्म्याचे तू ठरव." त्याने आपले निम्मे सोडले नाही, पण मागितलेही नाही. कारखाने सुरू झाल्यावर थोडे थोडे करून घेतले. त्यालाही मी दयाच म्हणतो.

मग आषाढ आला. "वारीत मरण आले तरी भाग्य," असे आपण म्हणतो. पण त्या वर्षी प्राण केवळ आपलेच पणाला लागणार होते का? वाटेवरच्या गावांचे, पंढरपूरकरांचे, घरी परतल्यावर नातवंडांचेही लागणार होते. तो वाटा आपला नव्हता. आपले होते ते पायी चालण्याचे सुख, आणि तेच आपण सोडले. ३० जूनला देहू-आळंदीहून पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरीस गेल्या. १ जुलैची एकादशी आपण उंबऱ्याच्या आत केली. २०२१ सालीही पादुका एसटीनेच गेल्या. २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा रडू आवरले नाही. नेम तुटला असे कोणी म्हटले तर मी सांगतो, तो दोन वर्षे दुसऱ्या रीतीने चालला.

आता वेशीवरचे बांबू निघाले, खोल्या भरल्या, वहीही पूर्ववत झाली. मी कीर्तनाला उभा राहत नाही. तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती, खतांचा प्रसंग सांगाल तेव्हा दोन्ही वाट्यांवर बोला. आणि ऐकणाऱ्या माऊलींनी घरी जाताना स्वतःला विचारावे, यातला माझा वाटा कोणता?

रामकृष्ण हरी.