पेटींतील लोकर

जी वस्तु आपण कष्टाच्या पैशानें, चांगल्या हेतूनें आणि दुसऱ्याच्याच उपयोगाकरितां विकत घेतली, ती घेण्यांत कांहीं दोष असूं शकतो काय? हा प्रश्न प्रथमदर्शनीं कित्येकांस व्यर्थ वाटेल. चोरी नाहीं, कर्ज नाहीं, व्यसन नाहीं. मग दोष कोठला? आम्हीहि फार दिवस असेंच समजत होतों. परंतु आमच्याच घरांतील एका पेटीनें आम्हांस ह्या प्रश्नाचा पुन्हां विचार करावयास लाविलें. ती हकीकत आम्ही आमच्या सहधर्मिणीच्या अनुमतीनें येथें देत आहों. ती म्हणाली, "अहो, लिहा. माझ्यासारख्या पुष्कळ असतील."

तिला लोकरीच्या विणकामाचा नाद लहानपणापासून आहे. आमच्या भागांत पावसाळा संपला कीं रात्रीं गारवा पडूं लागतो, आणि पौषांत तर पहांटे अंगणांत उभें राहवत नाहीं. मंडळींतील लहान मुलांच्या कानटोप्या, तान्ह्या बाळांचे मोजे, म्हाताऱ्या माणसांच्या बंड्या, हें सर्व तिच्या हातचें. ह्या कामाविषयीं आम्हांस नेहमीं समाधानच वाटत आलें.

गेल्या माघांत तिनें लोकरीची पत्र्याची पेटी उन्हांत रिकामी केली. ती कां केली तें पुढें सांगूं. पेटी एक आहे असें आम्ही समजत होतों, निघाल्या तीन. एक खोलींत, दुसरी पलंगाखालीं, तिसरी धान्याच्या कणगीमागें. सर्व लोकर तोलून पाहिली, ती ८ किलो भरली. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरास सुमारें अर्धा किलो लोकर लागते. म्हणजे १६ स्वेटरांची लोकर घरांत पडून होती. आणि घरचें व मंडळीचें काम सांभाळून तिचे वर्षांतून दोनच स्वेटर पुरे होतात. एकहि नवा गुंडा न घेतां ती ८ वर्षें विणीत बसती, तेव्हां कोठें पेट्या रिकाम्या होत्या! शिवाय सुयांवर अर्धवट राहिलेलीं विणकामें निराळीं. तीं ११ होतीं. त्यांशिवाय तीन मोजे असे निघाले कीं त्यांना जोडीदारच नव्हता.

ही लोकर एका दिवसांत आली नाहीं, आणि मूर्खपणानेंहि आली नाहीं. प्रत्येक गुंड्यामागें कांहीं तरी कारण होतें. एका वेळीं रंगविलेली लोकर दुसऱ्या वेळीं रंगविलेल्या लोकरीशीं तंतोतंत जुळत नाहीं. म्हणून कमी पडूं नये ह्या भयानें विणणारी बाई एखादा गुंडा अधिकच घेते. तो उरतो. उरलेल्याला जोड म्हणून दुसरा रंग घ्यावा लागतो. तालुक्याच्या बाजारीं वारंवार जाणें होत नाहीं, म्हणून गेल्यासरशी पुढची बेगमी करून ठेवावी असें वाटतें. अमकीला बाळ व्हावयाचें आहे, म्हणून पिवळी. तमका परगांवीं शिकावयास जाणार, म्हणून करडी. एकेक कारण निराळें घेतलें तर कोणीहि तिला दोष देणार नाहीं. दोष एकेका खरेदींत नव्हता, तर सर्व मिळून झालेल्या राशींत होता. आणि ती रास आजवर कोणी पाहिलीच नव्हती.

ह्याचें मूळ आम्हांस असें दिसतें. लोकर विकत घेतली कीं अर्धें काम झालें असें मनाला वाटूं लागतें. दुकानांतून बाहेर पडतांना त्या बाईला हातांतील गुंडा दिसत नसतो. नवी टोपी घातलेलें बाळ दिसत असतें. दिल्याचा आनंद देण्यापूर्वींच मिळून जातो. मग मागें काय उरतें? हजारों टाके घालण्याचे श्रम तेवढे उरतात. म्हणून तो आनंद पुन्हां मिळावा ह्यासाठीं मन पुन्हां दुकानाकडे धांवतें, पेटीकडे धांवत नाहीं.

आपल्याकडील घोंगडी विणणाऱ्यांचें पाहा. देशी मेंढरांची राठ लोकर कातरून, पिंजून, तिचें सूत काढून, त्याला चिंचोक्याची खळ देऊन ते मागावर ताणा लावतात. पण माग एक असला म्हणजे एक घोंगडें उतरल्याशिवाय दुसरें चढत नाहीं. अंगीं कितीहि आळस असो, मागच माणसाला आरंभिलेलें पुरें करावयास लावतो. विणकामाच्या सुयांचें तसें नाहीं. दोन सुया थोडक्या पैशांत मिळतात. एका कामाचा कंटाळा आला कीं दुसरी जोडी घेऊन दुसरें काम आरंभतां येतें. साधन स्वस्त झालें म्हणजे आरंभहि स्वस्त होतो; समाप्तीला मात्र पूर्वींइतकेच श्रम पडतात.

अशा माणसाला आपल्या भाषेंत आरंभशूर म्हणतात. पाश्चात्य देशांतील विणणाऱ्या बायांनाहि हा रोग चांगला ओळखीचा आहे. एक मोजा विणून झाल्यावर दुसऱ्याचा कंटाळा येतो, ह्याला त्या 'दुसऱ्या मोज्याचें दुखणें' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. आणि जिची लोकर उरलेल्या आयुष्यांत विणून संपण्यासारखी नाहीं, तिच्याविषयीं त्यांच्यांत थट्टेचा एक ठरलेला शब्दच आहे. नवी लोकर घ्यावयाची नाहीं असा पण करणाऱ्याहि त्यांच्यांत पुष्कळ आहेत. ही थट्टा करतां येते, कारण ह्यांत कोणाचें नुकसान होत नाहीं असें वाटतें. पण नुकसान होतें, हें आम्हांस उशिरां कळलें.

आमच्या प्रार्थनामंदिराची झाडलोट करणारे व घंटा वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. वय ८० च्या पुढें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या सहधर्मिणीनें त्यांच्या बंडीचें माप घेतलें, तपकिरी लोकर आणली, आणि पाठीची बाजू विणूनहि झाली. मग एका लग्नासाठीं स्वेटर विणणें आलें. मग बाजारांतून एक सुंदर निळी लोकर आली. पहिल्या हिवाळ्यांत ते हंसून म्हणाले, "बाई, थंडी तर आली, बंडी कवा यायची?" ती म्हणाली, "होईल हो बाबा, लोकर आणून ठेवलीय." दुसऱ्या हिवाळ्यांत त्यांनीं विचारलें नाहीं. पौषांत ते गेले.

बंडी नव्हती म्हणून ते गेले असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांच्यापाशीं घोंगडें होतें, आणि वयहि झालें होतें. परंतु दफनविधीहून परत आल्यावर ती पेटीपाशीं गेली, ती तपकिरी पाठ काढून मांडीवर घेऊन बसली, आणि बऱ्याच वेळानें म्हणाली, "लोकर आणून ठेवलीय असें मीं त्यांना सांगितलें, तें खरें होतें. मग खोटें कोठें होतें तें मला समजत नाहीं."

आम्ही पाळक असूनहि त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आतां सुचतें तें असें. बोलणें खरें होतें. पण वचन बंडीचें होतें आणि दिली होती ती आशा. लोकर घेऊन ठेवणें म्हणजे देणें नव्हे. यापो गांवच्या टबीथेची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ती मरण पावल्यावर विधवांनीं रडत रडत पेत्राला जे अंगरखे व जीं वस्त्रें दाखविलीं, तीं तिनें करून दिलेलीं होतीं. तिच्या घरीं किती कापड पडून होतें, हें कोणी दाखविलें नाहीं.

माघांत पेट्या उघडल्या त्या ह्या कारणानें. आणि त्याच दिवशीं तिनें निश्चय केला कीं, आहे ती लोकर निम्मी होईपर्यंत नवा गुंडा घ्यावयाचा नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, सर्वांनींच असें ठरविलें तर दुकानदाराचें व मेंढपाळाचें कसें होईल? हें भय खरें नाहीं. जी बाई विणून संपविते तिला पुन्हां लोकर लागतेच. ती दुकानाला कायमची सोडून जात नाहीं. दुसरा म्हणेल, सुंदर रंग डोळ्यांनीं पाहून घ्यावासा वाटणें हें पाप आहे काय? मुळींच नाहीं. परंतु ज्या रंगाकडे पेटीचें झांकण लागल्यावर कोणी पाहत नाहीं, त्याचा आनंद तरी कोणाला झाला?

तिसरा म्हणेल, ही साधी घरखर्चाची गोष्ट आहे, हिला निश्चयाचें मोठें नांव कशाला? त्यास आम्ही एक उदाहरण देतों. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं ब्रिटनमध्यें १९४१ सालच्या जून महिन्यापासून कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें, तें १९४९ पर्यंत चाललें. विणावयाची लोकरहि कूपनांवांचून मिळत नसे. तेव्हां तेथील बाया जुने स्वेटर उसवीत आणि त्याच लोकरीचे नवे कपडे विणीत. घरांत काय आहे हें टंचाईनें त्यांना पाहावयास लाविलें. परंतु तेथें हात आवरणारें सरकार होतें. आज दुकानें भरलेलीं असतां आणि पदरीं पैसे असतां हात आवरणारा आपल्यावांचून दुसरा कोणी नाहीं. म्हणूनच येथें निश्चयाची गरज आहे, आणि म्हणूनच तो नीतीचा प्रश्न आहे.

निश्चय कसा पाळला तेंहि सांगितलें पाहिजे. प्रथम तिनें प्रत्येक लोकरीला, ती ज्याच्याकरितां घेतली होती त्याच्या नांवाची चिठी बांधली. जिच्यासाठीं कोणाचेंच नांव आठवलें नाहीं, ती लोकर शिवणवर्गाच्या मुलींना दिली. मग अर्धवट कामांपैकीं चार तिनें उसवून टाकिलीं. त्यांत एक झबलें होतें; ज्या बाळासाठीं तें आरंभिलें, तें बाळ आतां शाळेंत जातें. उसविलेली लोकर वेडीवांकडी होते, पण तिची लड करून भिजवून टांगली म्हणजे पुन्हां सरळ होते. उसविणें ही हार नव्हे. जें आपल्या हातून होणार नाहीं तें होणार नाहीं असें कबूल करणें, हाहि खरेपणाच आहे.

एका गोष्टीचें तिला फार वाईट वाटलें. बाजारांत लोकर म्हणून मिळणारा पुष्कळ धागा ॲक्रिलिकचा असतो. तो तसाच्या तसा निघाला. पण मेंढराची खरी, उंची लोकर तिनें एखाद्या मोठ्या प्रसंगासाठीं राखून ठेविली होती, तिला कसर लागली होती. कसरीच्या अळ्यांनीं ठिकठिकाणीं धागा तोडला होता. सर्वांत उत्तम म्हणून जें राखिलें, तेंच कोणाच्या अंगावर न पडतां गेलें.

चैत्रांत निश्चय एकदां मोडलाहि. बाजाराहून तिनें दोन हिरवे गुंडे आणले व तांदुळाच्या डब्यामागें ठेविले. तीन दिवसांनीं आपण होऊन आम्हांस सांगितलें आणि म्हणाली, "आतां शपथ मोडलीच, तर कशाला पाळायची?" आम्हीं तिला तिच्याच कामाचें उदाहरण दिलें. विणतांना सुईवरून टाका निसटला तर तो तेथेंच उचलावा लागतो. तसाच सोडला तर खालपर्यंत उसवत जातो. टाका सुटला म्हणून सबंध स्वेटर कोणी फेंकून देत नाहीं. तिनें ते गुंडे दुकानीं परत केले. आम्ही आणखी कांहीं उपदेश करणार होतों, तों ती आमच्या पुस्तकांच्या फळीकडे पाहूं लागली. त्या फळीवर निदान २० पुस्तकें अशीं आहेत कीं त्यांचीं पानें आम्हीं अद्याप उलटलेलीं नाहींत. आम्ही गप्प बसलों.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. असा निश्चय हीदेखील एक आरंभाचीच गोष्ट होऊं शकते. चार बायांत "मी आतां लोकर घेत नाहीं" असें सांगण्यांत नव्या गुंड्याइतकाच आनंद असतो, आणि पेटी तशीच राहते. म्हणून निश्चयाची परीक्षा दुकानीं न जाण्यानें होत नाहीं. सुया रोज हातीं घेतल्यानें होते.

प्रिय वाचकहो, आपल्यांतील पुष्कळांच्या घरीं लोकरीची पेटी नसेल. पण दुसरी कोणती तरी असेल. ज्या शेतकऱ्यानें तीन ठिकाणीं दहा दहा हात खणून सोडलें, त्याला पाणी कोठेंच लागलें नाहीं. जो उपदेशक बंधु एका गांवीं रात्रीची शाळा आरंभून ती बसावयाच्या आधींच दुसऱ्या गांवीं दुसरी आरंभतो, त्यानें पहिल्या गांवच्या मुलांना पाट्या आणावयास सांगितलें होतें, हें त्यानें आठवावें. नवें आरंभण्यापूर्वीं आपली पेटी एकदां उन्हांत ओतावी आणि प्रत्येक वस्तूवर कोणाचें नांव आहे तें पाहावें. कित्येक माणसें दुसऱ्या हिवाळ्यांत विचारीत नाहींत.

ती तपकिरी बंडी ज्येष्ठांत पुरी झाली. ज्यांचें माप होतें ते राहिले नाहींत. म्हणून आतां जे गृहस्थ घंटा वाजवितात त्यांना ती दिली. ती त्यांना थोडी सैल होते. आश्विनांत पुन्हां तोलून पाहतां लोकर साडेपांच किलो भरली. निम्मी व्हावयास अजून दीड किलो आहे, आणि एका बाळाचा दुसरा मोजा सध्यां सुयांवर आहे.