नशेच्या कैदेत अडकलेला आपला भाऊ



रमजानचा चंद्र दिसला की वर्षभर दारू पिणारा मनुष्यही पुष्कळदा बाटली दूर सारतो. अल्लाहचे भय त्याच्या अंतःकरणात अजून जिवंत आहे, याची ती खूण होय. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या रोजापर्यंत त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. कुणाला आकडी येते, तर कुणी समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागतो. घरचे म्हणतात, जिन्नाची बाधा झाली. मग पनवेलसारख्या शहरात रुग्णालय हाकेच्या अंतरावर असूनही त्याला झाडफुंक करणाऱ्याकडे नेले जाते.

ही बाधा नव्हे. वर्षानुवर्षे दारूला सरावलेल्या मेंदूला ती एकाएकी मिळेनाशी झाली की हा विकार उद्भवतो, आणि उपचाराविना त्यात प्राणही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर औषधांनी मेंदू शांत करतात, जीवनसत्त्व ब-१ देतात व यकृताची तपासणी करतात.

दिव्य कुरआनने मद्याची मनाई टप्प्याटप्प्याने केली. प्रथम त्यातील पाप लाभाहून मोठे असल्याचे सांगितले, पुढे नशेत नमाजजवळ जाण्यास रोखले आणि अखेर सूरह अल-माइदामध्ये (आयत 90-91) ते सैतानी कृत्य ठरवून पूर्णतः निषिद्ध केले. तेव्हा मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. या क्रमाचा आधार घेऊन "मीही हळूहळू सोडीन" असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही! तो आदेश पूर्ण झालेला आहे. डॉक्टरांचे औषध घेणे म्हणजे थोडी थोडी दारू पिणे नव्हे.

सहीह बुखारीत एका सहाबींचा उल्लेख आहे. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांना हसवीत असत, मद्यपानाबद्दल त्यांना वारंवार शिक्षाही झाली. एकाने त्यांना शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले व या माणसाचे अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम असल्याची साक्ष दिली. शिक्षा टळली नाही, पण नातेही तुटले नाही. आपण मात्र मोहल्ल्यात त्याची बदनामी करतो, आणि त्याची पत्नी लाजेने मार खाल्ल्याचेही सांगत नाही.

थरथर, आकडी वा भ्रम दिसताच प्रथम जवळचे रुग्णालय गाठावे. पुढील उपचारांसाठी पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र कार्यरत आहे. केंद्र शासनाची 14446 ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. उपचारांमुळे रोजे सुटले, तर आजाऱ्याला ते नंतर पूर्ण करण्याची सवलत स्वतः अल्लाहनेच दिली आहे.