आप्त कोणास म्हणावे?

अर्थकारभार, आरोग्यसेवा, संरक्षण, शिक्षण यांपैकी कोणता प्रश्न कोणता पक्ष अधिक चांगला हाताळील, असे ब्रिटिश मतदाराला जनमतचाचणी घेणारे कित्येक दशके विचारीत आले आहेत. आणि ज्याने अंदाजपत्रकाचे एक पानही कधी उलटले नाही, तोही त्याचे उत्तर निःशंकपणे देतो. हे उत्तर म्हणजे ज्ञान काय? प्लेटोच्या कसोटीस ते केवळ मत ठरेल. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, मानलेल्या चार प्रमाणांपैकी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांपैकी, प्रत्यक्ष व अनुमान यांचा आधारही त्यास क्वचितच असतो. मतदार बहुधा शब्दप्रमाणावर, म्हणजे आप्तवाक्यावर, विसंबतो. आणि आप्त कोण, हे सांगताना न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी वस्तूचे यथार्थ ज्ञान जितके आवश्यक मानले, तितकीच ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छाही आवश्यक मानली आहे. चाचणीचा प्रश्न असतो कर्तबगारीचा. उत्तरात मात्र सचोटीचाही निवाडा मिसळलेला असतो, आणि तो तसा मिसळावा हेच मला योग्य वाटते.

१६ सप्टेंबर १९९२ चा बुधवार या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. पौंडाचे अवमूल्यन कदापि होणार नाही, अशी ग्वाही हुजूर पक्षाचे पंतप्रधान जॉन मेजर आणि अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट देत आले होते. त्या दिवशी पौंड सावरण्यासाठी सकाळी व्याजाचा दर १० वरून १२ टक्क्यांवर गेला, दुपारी तो उद्यापासून १५ होईल असे जाहीर झाले, आणि सायंकाळी खजिना खात्याच्या इमारतीबाहेर उभे राहून लॅमाँट यांनी पौंड, सदस्य चलनांचे परस्पर दर ठराविक मर्यादेत बांधून ठेवणाऱ्या युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून काढून घेत असल्याचे सांगितले. बदलत्या व्याजावर कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाने त्या काही तासांत आपल्या हप्त्याचा हिशेब किती वेळा मांडला असेल, याची कल्पना करावी. विशेष हे की, पुढील चार वर्षांत महागाई आटोक्यात राहिली, बेकारी घटली. तथापि अर्थकारभारात सरस पक्ष हा लौकिक हुजूर पक्षाला त्या काळात परत मिळाला नाही. फळावरून वृक्ष ओळखावा असे म्हणणारा तत्त्वज्ञ येथे मतदाराला अज्ञ ठरवील. मी ठरविणार नाही. पुढे फळ गोड निघाले, तरी दिलेला शब्द मोडला होता, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

या निवाड्याला मर्यादा आहे, हेही मान्य केले पाहिजे. एकाचा भरवसा उडाला की दुसऱ्यास तो परीक्षेवाचून मिळतो. १ मे १९९७ रोजी मजूर पक्षाने ४१८ जागा जिंकल्या, तेव्हा पहिली दोन वर्षे हुजूर पक्षाच्याच खर्चमर्यादा पाळू आणि प्राप्तिकराचे दर वाढविणार नाही, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. जमाखर्चाचा आराखडा बराचसा तोच, बदलली ती शब्द देणारी माणसे. आणि निवडून येताच, ६ मे रोजी, नवे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदर ठरविण्याचा अधिकार मंत्र्यांकडून काढून बँक ऑफ इंग्लंडच्या स्वाधीन केला.